चौतीस फुटी सवत

माझी सवत चौतीस फूट लांब आहे. तिला दोन शिडं आहेत आणि ती कुंभिवलीला हायवेच्या कडेला एका भाड्याच्या शेडमध्ये राहते. लोकांच्या सवती चोरून येतात. माझी ट्रकभर प्लायवूड होऊन भरदिवसा आली, आणि माझ्याच नवऱ्याने ती खांद्यावर उतरवून घेतली.

नवरा म्हणजे दत्ता सुतार. कळंबमध्ये कोणालाही विचारा, घर दाखवतील. ह्यांचे वडील बैलगाड्या करायचे. गाड्या गेल्या, मग ह्यांनी दारं-खिडक्या केल्या. दारं लोखंडाची आली, तेव्हा रिसॉर्टच्या खाटा आणि झोपाळे केले. आता रिसॉर्टवाले तयार फर्निचर टेंपोने मागवतात आणि ह्यांना बोलावतात ते खुर्चीचा निखळलेला पाय बसवायला. माणूस उंच. आमच्या घरातल्या प्रत्येक दारातून वाकून जातो. आणि बोलणं इतकं कमी, की लग्नानंतर आठवडाभर मला वाटत होतं, बापाने मुका नवरा बघून दिला. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मुका नाय गं, कामाचा हाय."

कामाचा खरा, पण लोकांच्या. आमचं मागचं दार पाऊस लागला की फुगतं, आणि पाऊस गेला तरी ते फुगणं काही विसरत नाही. खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी आणि खांदा दाराला, असं मी वर्षानुवर्षं घरात येते. गावभर दारं बसवणाऱ्याच्या घरात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सांगितलं की हे म्हणतात, "बघतो." ते बघणं अजून चालूच होतं.

खोटं कशाला बोलू, एक गोष्ट त्यांनी न सांगता केली होती. भाताचा भारा घेऊन मी बांधावरून पडले तेव्हापासून माझा डावा गुडघा सरळ होत नाही. डाव्या कुशीवर, गुडघा पुढे काढूनच झोप लागते आणि गुडघा खाटेबाहेर लोंबतो. एक दिवस बघते तर खाटेच्या कडेला, बरोबर त्या जागी, जास्तीची फळी जोडलेली. मी काही बोलले नाही, तेही नाहीत. तेव्हापासून खाट माझी आणि हे खाली चटईवर.

तर ही सवत आणली किशोरभाऊंनी. खोपोलीचे. जन्म बोटींवर इंजिनं सांभाळण्यात गेला, आता रिटायर. त्यांनी सहा-सात जण जमवले आणि ठरवलं, आपल्या हातांनी शिडाची बोट बांधायची आणि समुद्रावरच राहायचं. वीज उन्हाची, पाणी पावसाचं, कालवण गळाला लागेल ते. मेथी म्हणे खोक्यात लावणार. कोणी मालक नाही, कोणी मजूर नाही. जो बोट बांधायला हात लावेल, त्याची बोटीवर झोपायची एक जागा. सगळं जमलं, फक्त लाकडातलं कोणाला कळत नव्हतं. मग रिसॉर्टवर झोपाळ्याची कडी ठोकताना ह्यांना कोणीतरी बघितलं.

हे एका रविवारी "बघून येतो" म्हणून मोटारसायकलवर गेले. दार बघायला वर्षं लागतात, पण बोट एका रविवारात बघून झाली. सोमवारी डबा मागितला.

सुरुवातीला मला बरंच वाटलं. रिकामा बसलेला सुतार घरात कोणाला हवा? पण हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागलं. हे घरी यायचे तेव्हा अंगाला सागाचा नाही, कसल्यातरी औषधाचा वास. ती फळ्या चिकटवायची राळ. साबणाने जात नाही, रॉकेलने जात नाही. माझ्या घरात, माझ्या चटईवर तिचा वास. जेवताना बोटं ताटाच्या कडेवरून फिरत राहायची, तिच्या कडा तासल्यासारखी. एकदा झोपेत हसले. माझ्याबरोबर जागेपणी किती वेळा हसले असतील, ते मी मोजत बसले नाही, उगाच जिवाला त्रास.

त्यात डबा परत यायला लागला. तसाच्या तसा, भाकरीची घडीसुद्धा न मोडलेली.

"का वो, जेवला नाय?"

"जेवलो. तिकडं समदी पाळीपाळीनं करतात. आज रुचिताची पाळी व्हती. खिचडी." वर म्हणाले, "मीठ बरोबर व्हतं."

मीठ बरोबर होतं! ह्या माणसाने माझ्या हातच्या मिठाला आजवर चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. मला वाटायचं ह्यांच्या जिभेला मीठ कळतच नसेल. कळत होतं तर. रात्री मी आमटीत मीठ घातलंच नाही. ते निमूट जेवले. मला आणखीच राग आला.

रुचिता कोण हे मला शेजारच्या सुंदराने सांगितलं. कोणाच्या चुलीत लाकूड सरकवायचं हे सुंदराला बरोबर कळतं. "मुंबईची हाय म्हनं. नोकरी सोडून आली. ठेंगणीठुसकी, गोरीपान. तुज्या मालकाला दत्ताभाऊ, दत्ताभाऊ करती."

"मग भाऊच म्हनते ना!"

"भाऊच म्हनतात गं पयलं," सुंदरा म्हणाली आणि सुपातले खडे वेचायला लागली.

पण खरं सांगते, रुचितापेक्षा मला त्या बोटीचाच जास्त जळफळाट व्हायचा. बाईशी भांडता येतं. बोटीचं काय करणार? हे तिच्याबद्दल 'ती' म्हणून बोलायचे. "ती आज उलटी केली." "तिला आज दुसरा हात मारला." रियाचं, म्हणजे आमच्या लेकीचं लग्न झालं, ती भिसेगावला गेली, तेव्हा हे एवढं बोलले नव्हते. एकदा रियाच म्हणाली, "आई, बाबा फोनवर किशोरकाकांना काय म्हणत होते माहीत आहे? म्हणाले, जल्मभर एका जागी बसनाऱ्या वस्तू केल्या. दार बसतं, खाट बसते. आता चालनारी करतोय." लेक कौतुकाने सांगत होती. एवढं लांब, एवढं शहाणं वाक्य ह्यांच्या पोटात होतं आणि ते किशोरभाऊंना मिळालं. मला मिळालं "बघतो".

लावणी आली. आमच्याकडे लावणी सावडीवर होते. आज शेजारच्या चार घरांनी आमच्या शेतात वाकायचं, उद्या आम्ही त्यांच्या. दर वर्षी आम्ही दोघं मिळून ती सावड फेडतो. ह्या वर्षी हे शेडमध्ये. मी गुडघा धरत घरोघरच्या शेतात गेले, पाटावर बसून रोपं काढली, जुड्या बांधल्या. कोणी विचारलं नाही की दत्ता का नाही आला. सावडीला घरातलं माणूस आलं की झालं. सुंदरा तेवढी म्हणाली, "दिवाळीनंतर बोट पान्यात घालनार म्हनं. मालक जातोय का गं तिच्याबरूबर?"

मी म्हटलं, "जातोय कशाला? सुतार हाय तो, काय कोळी हाय?"

पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. जो हात लावेल त्याची जागा. ह्यांनी तर हात, जीव, सगळंच लावलं होतं. म्हणजे ह्यांची जागा तिथे पक्की होती. माझी कुठे होती? विचारलं असतं तर "बघतो" आलं असतं, आणि ह्या वेळी बघून मोकळे झाले असते. घट बसले तरी मी गप्प. शेवटी एका सकाळी वालाचं बिरडं केलं, मीठ दोनदा चाखलं, डबा भरला आणि टमटम बदलत बदलत कुंभिवली गाठली.

शेडमध्ये शिरले आणि आधी ती दिसली. पांढरीशुभ्र, पोट फुगवून उभी. वर डेकावर एक सरकतं झाकण होतं. कोणीतरी ते एका बोटाने सरकवत होतं आणि ते लोण्यातून गेल्यासारखं जात होतं. माझा खांदा आपोआप दुखला.

"अरे, वहिनी आल्या!" रुचिता पुढे आली. ठेंगणीच होती, सुंदरा त्यात खोटं बोलली नव्हती. डबा हातातून घेतला, वास घेतला, म्हणाली, "बिरडं! दत्ताभाऊ नेहमी सांगतात." काय सांगतात ते मी विचारलं नाही. हे कोपऱ्यात रंधा घेऊन उभे होते. मला बघून नुसती मान हलवली.

किशोरभाऊंनी मला शिडीवरून आत उतरवलं. गुडघ्यामुळे वेळ लागला, पण मला सगळं बघायचंच होतं. आत स्वयंपाकाची जागा, पाण्याची टाकी आणि दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या. किशोरभाऊ सांगत होते, "ज्याने त्याने फळीवर आडवं व्हायचं, दुसऱ्याने पेन्सिलीने कड आखायची आणि तेवढीच कापायची. इथे वीतभर जागाही फुकट घालवता येत नाही." प्रत्येक फळीवर पेन्सिलीने नाव होतं. मी नावं वाचत गेले. एकावर दत्ता. आणि ती फळी आखूड होती.

आखूड म्हणजे चांगलीच आखूड. ह्यांचे पाय गुडघ्यापासून बाहेर आले असते. शिवाय मधेच फळीच्या एका कडेला वेडंवाकडं पोट सुटलेलं. नाव ह्यांचं आणि माप कोणा ठेंगणीचं. माझ्या डोळ्यांसमोर रुचिता उभी राहिली, भाऊ भाऊ करणारी. डोकं असं सणकलं की बोलू नका.

मी तिथूनच ओरडले, "अवो! इकडं या!"

हे आले. वाकून आत उतरले. मागोमाग रुचिताही डोकावली.

"ही जागा कोनाची?"

"घरची," हे म्हणाले.

"कुठल्या घरची?"

ह्यांना काही कळेना. मी रुचिताकडे बोट केलं. "नाव तुमचं आन् माप हिचं! मला काय दिसत नाय का?"

रुचिता आधी दचकली, मग तिला हसू फुटलं. "वहिनी, माझी फळी ही समोरची. तुमच्यात मी नाही मावत. ते पोट सोडलं तर फळी अरुंद, माझी पाठ बाहेर जाते, एकदा झोपून बघितलंय. आम्ही सगळे विचारून थकलो हे पोट कशाला. भाऊ सांगतच नाहीत."

"दत्ताभाऊंनी पहिल्याच दिवशी अट घातली होती," किशोरभाऊ म्हणाले. "काम सावडीचं, जागा घरची. कोण झोपंल ते आमचं आमी बघू."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते फळीकडे बघत होते. म्हणाले, "झोपून बघ."

"मी कशाला झोपू?"

"बघ तर."

रागाच्या भरात मी पदर खोचला आणि चढले. डाव्या कुशीवर झाले. गुडघा सवयीने पुढे गेला आणि त्या पोटावर जाऊन टेकला. बरोबर टेकला. डोकं एका टोकाला, टाचा दुसऱ्या टोकाला, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. मला आडवं करून माझी कड कोणी आखली नव्हती. एवढी वर्षं खाली चटईवर पडून हा माणूस वर बघत असणार.

सावड माणसाची नसते, घराची असते. हे मला कोणी शिकवायला नको होतं. त्याच पावसाळ्यात घरोघरच्या चिखलात मी तेच करून आले होते.

मी तशीच आडवी राहून विचारलं, "आन् तुमी?"

"मी खाली. घरी पन खालीच झोपतो ना."

"मला इचारलं का? मी येनार का नाय ते?"

"पयली तुजी जागा व्हऊ दे म्हनलं. जागाच नाय तर काय इचारू?"

मी भांडायला तोंड उघडलं, पण भांडण सापडेना. शेवटी म्हटलं, "तिचं झाकन बोटानं सरकतं. माजं दार?" आणि खाली उतरून सरळ घरचा रस्ता धरला.

चार-पाच दिवसांनी सकाळी पाणी भरून आले, नेहमीसारखा दाराला खांदा लावला आणि हंड्यासकट घरात जवळजवळ आडवीच झाले. दार नुसतं वाऱ्याने उघडावं तसं उघडलं. हे चुलीपाशी चहा पीत बसले होते. मी दार लावलं, उघडलं, परत लावलं. चौकटीत असं बसत होतं की फट दिसेना.

"आता बरं सुचलं?" मी भिजलेला पदर पिळत म्हटलं.

"कुलूप लागनार ना. दार नीट बसाया पायजे." कप खाली ठेवला. "येशील का?"

लग्नात मला कोणी विचारलं नव्हतं. शेत घेताना नाही, रियाला दिली तेव्हा नाही. ह्यांनी मला आजवर विचारलेला हा पहिला प्रश्न. मी होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, "खाली तुमची जागा मापली का?"

मापलीच नव्हती. बोटीच्या खिळ्याखिळ्याचं माप पाठ असलेला माणूस स्वतःचं माप घ्यायचं विसरला होता.

त्याच दिवशी मी परत कुंभिवलीला गेले. बोटीच्या आत फळ्यांच्या मधल्या जागेत ह्यांना आडवं केलं आणि सुताराची पेन्सिल मागून घेऊन त्यांच्याभोवती कड आखायला लागले. उंच माणूस, जागा अरुंद, तिरकंच झोपावं लागणार. डोकं माझ्या फळीकडे केलं तर पाय लांब जाऊन रुचिताच्या फळीखाली शिरत होते. म्हटलं, वळा. वळले. आता पाय माझ्याकडे आणि डोकं तिच्या फळीपाशी. ते जरा वेळ बघितलं.

म्हटलं, "उठा. पयल्यासारखंच झोपा. पाय जाऊ देत तिकडं. डोकं माज्याकडं."