मेट्रोची आंघोळ

आमच्या कारखान्यात त्या वर्षी पाणी सोडून सगळं साठत होतं. भंगार साठायचं, रजेचे अर्ज साठायचे आणि चहाच्या टपरीवर किस्से साठायचे. लातूरजवळच्या माळावर आम्ही मेट्रोचे डबे बनवत होतो, शहराच्या पोटातून धावणाऱ्या मेट्रोचे. आमच्यातल्या एकानंही भुयारातली गाडी पाहिलेली नव्हती. मी नांदेडची, इंजिनिअरिंग विष्णुपुरीला केलेलं आणि काम क्वालिटीचं. म्हणजे दिवसभर लोकांच्या कामात खोट काढायची आणि दुपारी त्यांच्याच ताटात जेवायचं. पहिली गाडी बाहेर पडेपर्यंत कुणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता.

*

सगळ्यात अस्वस्थ माणूस म्हणजे बसवराज. हा उदगीरचा. दारं-खिडक्यांच्या फटींत पाणी अडवणारं सीलंट भरायचं काम त्याच्याकडे. उदगीर जिल्हा होणार अशी हवा तेव्हा जोरात होती. गेटवर पत्ता विचारला की हा बिनदिक्कत ‘जिल्हा उदगीर’ सांगायचा.

वॉचमन एकदा म्हणाला, “अजून झाला न्हाई की.”

“गाडी तरी कुठं झालीय? तरी तुम्ही मेट्रोचा कारखाना म्हणतावच की!”

*

त्याच्या वडिलांचं, आप्पांचं, कापडाचं दुकान. एकुलत्या एका पोरानं गल्ला सोडून फटी बुजवत बसावं हे त्यांना अजिबात मंजूर नव्हतं. फोनवर म्हणायचे, “जमिनीखाली आपलं बोअर चालंना, तुमची गाडी काय चालणार?”

शेवटी दोघांचं ठरलं. पहिली गाडी पास झाली तर नोकरी करायची, नापास झाली तर मुकाट्यानं दुकानात येऊन बसायचं. बसवराज हो म्हणून बसला आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. भरलेली फट पुन्हा उकरून भरायचा. जेवताना घास हातात धरून विचारायचा, “मॅडम, दुसऱ्या दाराचं कसं वाटतंय तुम्हाला?” त्याच्या नादानं मलाही धड जेवण जाईना.

*

पास होणं म्हणजे पाण्याची परीक्षा. डब्याची दारं लावून चहूबाजूंनी फवारे सोडतात. आत थेंब सापडला की डबा नापास. इकडे नळाला पंधरवड्यानं पाणी आणि आम्हाला पाहिजे हौदभर. टँकर गेटवर यायच्या आधी शेजारच्या गावच्या सरपंचबाई हजर.

“माणसं ओल्या टावेलानं अंग पुसून राहिलीत, अन् तुम्ही रेल्वेला आंघोळ घालून राहिलाव?”

पास झाल्यावर हौदातलं सगळं पाणी गावच्या गुरांना देतो, असं साहेबांनी कबूल केलं तेव्हा बाई हलल्या. मग रोज सकाळी गेटवर त्यांचा निरोप यायचा, “झाली का पास?”

साहेब वैतागले. “माझ्या बारावीला माझ्या आईनंसुद्धा इतकं विचारलं नव्हतं.”

*

एसीची चाचणी मात्र लोकांनी अगदी मनापासून केली. बाहेर माळ तापलेला. पेंटवाले, कँटीनवाले, सगळ्यांना त्या दिवशी त्याच डब्यात काम निघालं. नायगावचा गंगाधर, आमचा इलेक्ट्रिशियन, वरची कडी धरून उभा. बाकावर जागा मोकळी होती.

“अरे, बस की,” मी म्हणाले.

“न्हाई मॅडम. शहरात उभंच राहावं लागतंय म्हणं. सवय करून राहिलो.”

*

पाण्याच्या परीक्षेच्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं. आप्पा आले. धुवट धोतर, कपाळभर विभूती, हातात पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली. त्या दुष्काळात पाहुण्यानं आपलं पाणी आपण न्यायची रीतच पडून गेली होती. आणि एक नारळ.

“नव्या गाडीला नारळ न्हाई तर कसं?”

सेफ्टी ऑफिसरनं हात जोडले. “आप्पा, परीक्षा झाल्यावर. तेही बाहेर.”

“हाव,” आप्पा मान डोलवत म्हणाले.

घरची माणसं डबा आतून बघून आली. आप्पा सगळ्यात शेवटी उतरले. दारं लागली, फवारे सुटले. इतकं पाणी कुणी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. सरपंचबाईसुद्धा पुढे येऊन बघत होत्या. बसवराज तेवढा पाठ करून उभा होता, त्याच्यानं बघवत नव्हतं.

फवारे थांबले. मी आणि मेट्रोकडून आलेले इन्स्पेक्टर आत गेलो. छत कोरडं. खिडक्या कोरड्या. आणि दुसऱ्या दाराच्या उंबऱ्याशी, आतल्या बाजूला, वाटीभर पाणी.

बसवराजनं आता वळून खालून ते पाहिलं आणि जागच्या जागी बसला. “मॅडम, ह्योच दरवाजा मी पुन्हा पुन्हा भरला हो.”

खोट काढायची नोकरी मला इतकी नकोशी कधी झाली नव्हती. इन्स्पेक्टरांनी खिशातून पेन काढलं.

तेवढ्यात बाहेर नजर गेली. आप्पा पिशवीत हात घालून सरपंचबाईंच्या हातावर काहीतरी पांढरं ठेवत होते.

मी वाकले, त्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

“हे काय करताय मॅडम?”

“तुम्हीपण बघा.”

इन्स्पेक्टरांनी इकडे-तिकडे पाहिलं, हळूच बोट बुडवून जिभेला लावलं. मग रुमालाला हात पुसत म्हणाले, “गोड आहे. पास.”

आप्पांनी बसवराजला हाताला धरून उठवलं. त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत म्हणाले, “म्हंजी आता गल्ल्यावर मलाच बसावं लागतंय म्हणा.”