चांगला डोळा झाकलेली पोर

आमच्या मुलीचा उजवा डोळा जरासा नाकाकडे झुकायचा. शिरूर तालुक्यातल्या माझ्या सासरी त्याला कुणी तिरळेपणा म्हटलं नाही. "लक्षुमीची नजर हाय, भाग्याची पोर हाय," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. झेंडू तोडायला आलेल्या बायका पोरीची हनुवटी धरून कौतुक करायच्या, आणि त्या गेल्या की सासूबाई मीठ-मोहरी ओवाळून तिची दृष्ट काढायच्या. दृष्ट रोज निघाली, दृष्टी मात्र कुणी तपासली नाही. त्या लाडाचा मला राग यायचा. अजून येतो.

संशय आला तो खेळताना. पदराने तिचा एकेक डोळा झाकून मी 'कुऽक' करत होते. उजवा झाकला तर ती खिदळत राहिली. डावा झाकला आणि एकदम बावरली, माझा हात ओरबाडून बाजूला सारू लागली. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

आमचे हे रांजणगावला कंपनीत मशीनवर असतात. "मोठी झाली की व्हईल सरळ," म्हणाले.

"तुमच्या कंपनीत दरसाल मेडिकल व्हतं, डोळं तपासत्यात. माल रिजेक्ट होऊ नये म्हणूनच ना? मग माझी पोर तुमच्या मालापेक्षा हलकी हाय व्हय?"

मी माहेरी वरवंडला जाते म्हणून निघाले आणि पोरीला घेऊन थेट दौंडला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी बराच वेळ तपासलं. डोळा वाकडा दिसतो एवढंच नव्हतं. त्या डोळ्याचा नंबर जास्त होता आणि त्याने बघायचंच मेंदू सोडून देत होता. आणखी काही वर्षं अशीच गेली असती, तर चष्म्यानेही तो डोळा फारसा सुधारला नसता. "तान्हेपणीच एकदा दाखवायचं, शाळेत घालायच्या आधी पुन्हा दाखवायचं. लहान मूल कसं सांगणार, मला कमी दिसतं म्हणून? त्याला वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं," त्या म्हणाल्या. चष्मा दिला, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागेल.

घरी मोहोळ उठलं. "चांगला डोळा झाकती आन् अधू डोळ्यावर पोर सोडती? येडी का खुळी तू?" सासूबाई ओरडल्या. सासरे म्हणाले, "चष्मेवाली पोर उद्या कोण करून घेईल?"

"करून घेणाऱ्याचं नंतर बघू, आबा. आधी तिला बघू द्या."

माझी धाकटी जाऊ तेव्हा गरोदर होती. ती चुलीपाशी खाली मान घालून ऐकत राहिली.

पहिले दिवस वाईट गेले. पोर उंबऱ्याला अडखळायची, रडायची, पट्टी ओढून काढायची. माझी पाठ वळली की सासूबाई काढायच्या. मी पुन्हा लावायची. मला रडू यायचं, पण गोठ्यात जाऊन रडायची. घरात रडले असते तर पट्टी कायमची गेली असती.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, एका संध्याकाळी आम्ही तिघी फाट्यावर उभ्या होतो. सासूबाई, मी आणि पट्टी लावलेली पोर. कंपनीची बस लांबच थांबली. एकसारखे निळे शर्ट घातलेली माणसं उतरली. एरवी पट्टी असली की पोर हाक ऐकू येईपर्यंत माझं बोट सोडत नसे. त्या दिवशी कुणी हाक मारायच्या आधीच ती "पप्पा!" म्हणून ओरडली, बोट सोडून पळाली आणि त्या सगळ्या निळ्या शर्टांतून बरोबर आपल्या बापाच्या पायांना मिठी मारली. मी रस्त्यात उभी राहून रडले. आता लपवायचं कारण नव्हतं.

घरी येताच सासूबाईंनी मीठ-मोहरी घेतली. "एवढ्या लांबून वळखलं पोरीनं. दृष्ट लागंल."

"काढा, आता खुशाल काढा," मी म्हटलं. "पण उद्या धाकटीचं बाळ दौंडला न्यायचंय. लक्षुमीची नजर आसू नायतर नसू, तपासायचं म्हंजी तपासायचं."

सासूबाईंची मूठ पोरीभोवती फिरता फिरता थांबली. त्या काही बोलायच्या आत, बाळाला पाजत बसलेल्या जावेने आतून विचारलं, "ताई, सकाळी कवा निघायचं?"