दुपारच्या झोपेसाठी घेतलेलं यंत्र

वकिलाने सगळ्यात जास्त कशाला जपावं, असं त्या काळात कोणी विचारलं असतं तर मी खरं तेच सांगितलं असतं: दुपारच्या झोपेला. जेवणानंतर अख्खी डिचोली आडवी व्हायची, जागा राहायचा तो फक्त टेलिफोन. म्हणून पणजीहून मी फोनला आपोआप उत्तर देणारं यंत्र आणलं. आधी माझं स्वागत ऐकायचं, मग निरोप बोलायचा, तो कॅसेटवर उतरायचा. अशील सुखी, मी सुखी.

स्वागत मी फार खुबीने तयार केलं. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, पण मराठी की कोंकणी हा वाद चहाच्या हॉटेलांतून हललेला नव्हता. माझे निम्मे अशील या बाजूचे, निम्मे त्या बाजूचे. उगाच धोका कशाला? आधी कोंकणीतून बोललो, मग मराठीतून, मग एखाद्या न्यायाधीशांचा फोन आलाच तर असावं म्हणून इंग्रजीतून. न्यायाधीश वकिलाला फोन करत नसतात हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तिन्ही भाषांत भेटीच्या वेळा, शिवाय वकीलपत्रावर सही होईपर्यंत माझा सल्ला हा सल्ला समजू नये, ही सूचना. बायको म्हणाली, सत्यनारायणाची पोथी याहून लहान असते. मला ती स्तुती वाटली.

लाटंबार्से गावात माझा एक अशील होता, भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान्पिढ्या घर करून राहिलेला मुंडकार. भाटकाराला ते घर पाडायचं होतं. मनाईहुकमासाठी आमचा अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टापुढे यायचा होता. भाटकाराने आदल्या दुपारीच कौलं उतरवायला माणसं पाठवली.

अशील धावत तिठ्यावरच्या नाण्याच्या फोनकडे गेला. रुपया टाकला. मी बोलू लागलो. मराठीत येईतो रुपया संपला. दुसरा टाकला, मी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तो बस पकडून डिचोलीला आला आणि त्याने माझं दार बडवलं. मी लुंगी सावरत उलट त्यालाच विचारलं, निरोप का नाही ठेवलास?

"वकीलबाब, तुमी उलयताले," तो म्हणाला. "मदीं हांव कशें तोंड घालतलों?"

स्कूटरवर वाटभर मी त्याला पटवत होतो की फोनवर बोलत होता तो मी नव्हतो. त्याचं एकच, आवाज तर तुमचाच.

पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात ऊन आलं होतं आणि उरलेल्या छपरावर तिघे उकिडवे बसले होते. अशिलाच्या बायकोने शिडी काढून घेतली होती आणि ती जमिनीवर आडवी टाकून तिच्यावरच ठाण मांडलं होतं. मला बघून छपरावरच्यांचे चेहरे उजळले. वकील म्हणून माझं इतकं स्वागत पुन्हा कुठे झालं नाही. मी तह केला: काढलेली कौलं परत बसवा, मग शिडी.

दुसऱ्या दिवशी मनाईहुकूम मिळाला. श्रेय मीच घेतलं.

आता नवे वकील कुठलं यंत्र घ्यावं म्हणून विचारतात. मी सांगतो, कुठलंही घ्या, पण आधी एक रुपया घेऊन तिठ्यावर जा आणि स्वतःला फोन लावा.

मनाईहुकमानंतर काही दिवसांनी अशिलाची बायको नारळ घेऊन घरी आली. यंत्र बघायचं म्हणाली. सगळीकडून न्याहाळून झाल्यावर तिने विचारलं, हे दुपारी झोपतं का? मी अभिमानाने म्हणालो, नाही.

"मागीर कोर्टाच्यो केसी ताकाच दियात," ती यंत्राकडे बोट करून म्हणाली.