सहपरिवार आलेले प्रोग्राम

मले आमच्या बीबी गावातल्या अर्ध्या लोकाइचे आवाज काढता येतात. घरच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या अँटीव्हायरसलेही म्या एक आवाज देऊन टाकला होता, एसटीच्या कंडक्टरचा. चार-आठ दिवसानं कोपऱ्यात 'नको असलेले प्रोग्राम सापडले' अशी पिवळी चौकट यायची अन् मी नाकातून म्हनायचो, "हे तुमच्यासंगतचे काय? ठेवू का उतरवू?" ताई मेथीच्या जुड्या बांधता बांधता हसायची. मी 'नंतर' दाबून मोकळा.

होते ते माझ्याच संगतचे. फोटो लहान करायले म्या एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. काहीच न वाचता नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. लग्नपत्रिकेवर आपन सहकुटुंब सहपरिवार लिहितो ना, तसं त्याचं अख्खं खानदान आलं. एक जाहिराती दाखवे, एक कॉम्प्युटर फास्ट करून देतो म्हने, एक ब्राउझर उघडला की आपलंच पान पुढं करे. व्हायरस असता तं अँटीव्हायरसनं न इचारता धरला असता. पन हे माझी परवानगी घेऊन घुसलेले. म्हनून तो दरवेळी मलेच इचारत राह्यला.

ताईच्या नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता, सहा वाजेपर्यंत. जातीचा दाखला त्याच दुपारी हाती आला. बाबानं आधीच सांगतलं होतं, "यंदा भरला फॉर्म तं शिक. नाही तं आता पोरगं पाहू."

पाच वीसला शेवटचं पान आलं.

"झालं का रे?"

"झालंच. आता सिस्टर म्हनायची सवय करतो."

तेवढ्यात सबमिटच्या बटनावरच जाहिरात येऊन बसली. एक बंद केली, दुसरी आली. मंग ती पिवळी चौकट. माझं डोकंच फिरलं. 'सगळे काढा' दाबलं. अजून एक चौकट आली, तिलेही ओके. नेक्स्टवालं बोट ते, त्याले वाचायची सवय कुठं. त्या चौकटीत लिहिलं होतं, काम सेव्ह करून घ्या, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू होईल.

पडदा काळा झाला.

"काऊन बंद केलं?"

"म्या नाही केलं."

"मंग कोनं केलं?"

ताईनं मोबाईलवर साइट उघडली. गोल फिरतच राह्यलं. इकडं कॉम्प्युटर चालू व्हायले वीस मिनिटं लागली. चालू झाला तं एकदम साफ, एकही जाहिरात नाही. फॉर्मही कोरा. ताई सांगत गेली, मी टाइप करत गेलो. माझ्या मायचं नाव दोनदा चुकलं. दोन मिनिटं बाकी असताना ओटीपी मागतला. तो सहा वाजून चार मिनिटांनी आला. तोवर पानावर मुदत संपल्याचं लिहून आलं होतं.

बाबा वावरातून आले. "भरला का?"

मी तोंड उघडायच्या आधी ताई म्हने, "साइटच बंद पडली बाबा."

बाबानं हातपाय धुतले, खाटेवर बसले अन् मामाले फोन लावला. "ते जालन्याचं स्थळ सांगत होते ना तुमी," म्हने.

कोपऱ्यात हिरवी चौकट आली. सगळं सुरक्षित आहे, नको असलेलं काहीच सापडलं नाही.

ताईनं मेथी पुढं ओढली. जुडी बांधता बांधता हळूच म्हने, "या हिरव्या चौकटीचा आवाज काढ ना."

म्या तोंड उघडलं. काहीच निघालं नाही.