पडद्यावरच्या पुराची ओटी

मला सिनेमात जग बुडालेलं आवडतं. जळालेलं, दुभंगलेलं, परग्रहावरून आलेल्यांनी तुडवलेलंही चालतं. पण सासू-सुनांची रडारड दाखवणारे सिनेमे मला तेव्हाही सोसत नसत आणि आजही नाहीत. ते सगळं घरात फुकट मिळत होतं, त्यासाठी तिकीट कशाला काढायचं!

ही खोड वडिलांनी लावली. ते पुण्यात इंग्रजी सिनेमांच्या एका थिएटरात डोअरकीपर होते. तिकिटं फाडायची, बॅटरीने खुर्ची दाखवायची आणि कुणी मध्येच उठून धिंगाणा घातला तर त्याला बाहेर काढायचं, हे त्यांचं काम. रविवारच्या मॅटिनीला ते मला मागच्या रांगेत बसवत. इंग्रजी ओ की ठो कळत नसे. पण भूत कुठे इंग्रजीत बोलतं? ते नुसतं जिना चढतं. एकदा ते दिसलं की माझी भीती संपायची. दार करकरत असायचं तोवर मात्र मी फ्रॉकची कड चावून चावून ओली करायची. अंतराळयानाला बांधलेली दोरी मला लख्ख दिसायची, तरी ते आदळताना मी डोळे मिटायची. आणि पाणी आलं की काय विचारता! रस्त्याच्या टोकाला लाट उभी राहायची, माणसं वाट फुटेल तिकडे पळायची, आणि मी आनंदाने खुर्चीवर उभी!

पुढे लग्न होऊन मी मुळशी तालुक्यात, भरे गावी आले. साठ सालानंतरचे ते दिवस. गावात भात भरपूर, करमणूक शून्य. लावणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बायकांना मी सिनेमे सांगू लागले. "मंग? म्होरं काय जालं?" करत त्यांच्या हातातली रोपं हातातच राहत. महिन्यातून एकदा मी माहेरी जायची आणि नवा माल भरून आणायची. सगळं मजेत चाललं होतं. मग एकदा डोहातून वर येणाऱ्या खवल्यांच्या प्राण्याची गोष्ट सांगितली, आणि माझी धाकटी नणंद विहिरीवर जाईना. तीन दिवस तिने घागरीला हात लावला नाही.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या कडाडल्या, "बास जालं तुजं शिनेमाचं! आता म्हायेराला जायाचं त्ये सनालाच."

मी रडले, अबोला धरला, एक दिवस जेवले नाही. नवरा हा विषय निघाला की गोठ्यात सटकायचा. शेवटी धीर करून म्हटलं, "आत्याबाई, एकदा डोळ्यांनी बघा तरी. मग बंद करा." त्यांनी निवडायच्या तांदळाचं सूप बाजूला सारलं.

"बगते," त्या म्हणाल्या. "पन वंगाळ असलं, तर पुन्यांदा नाव काडायचं न्हाई."

माझं सगळं त्या एका रविवारावर येऊन ठेपलं. आम्ही सकाळच्या एस.टी.ने पुण्याला गेलो. त्यांच्या पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू होतं. परतताना देवीची ओटी भरायची होती. थिएटराबाहेरचं पोस्टर पाहिलं आणि मी पटकन आत्याबाईंच्या पुढ्यात आडवी आले. पोस्टरवर अख्खं शहर बुडत होतं. एरवी मी नाचले असते. पण आत्याबाईंचं माहेर मुळशीच्या धरणात गेलं होतं. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात. तो विषय त्या कधी काढत नसत आणि घरात दुसरं कुणीही काढत नसे.

आता माघार घेता येईना. वडिलांनी विहीणबाईंना वाकून नमस्कार केला आणि पंख्याखालची खुर्ची दिली. सुरुवातीला त्या रंगल्या. "ही टकुरं फिरलेली बाई पयली मरनार बग," असं मला मोठ्याने सांगत होत्या. मग लाट आली. रस्ते गेले, पूल गेला, छपरांवर माणसं चढली. आत्याबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या.

आमच्याकडे मुळा नदीला पूर चढला की सवाष्णी काठावर जाऊन तिची ओटी भरतात, म्हणजे ती माघारी फिरते. आत्याबाई उठल्या, पिशवी घेतली आणि सरळ पडद्याकडे चालू लागल्या!

"बसा खाली!" मागून ओरडा झाला. वडील बॅटरी घेऊन धावत आले. अशा माणसाला बाहेर काढायचं हे त्यांचं काम, आणि दारात मॅनेजर उभा. पण मुलीची सासू ती! विहिणीच्या दंडाला हात कसा घालणार? मग वडील बॅटरी खाली धरून म्हणाले, "विहीणबाई, सांभाळून. इथं पायरी आहे."

पडद्यासमोरच्या फळीवर आत्याबाईंनी हळदकुंकू वाहिलं, खण-नारळ ठेवला, वर तांदूळ घातले, हात जोडले. त्यांच्या डोक्यावर चर्चचा मनोरा बुडत होता. आणि काय सांगू, पाणी उतरायला लागलं! आधी मनोरा, मग एक खिडकी, मग छपरांमागून छपरं. थिएटरात शिट्ट्या, टाळ्या! मीसुद्धा नऊवारी सावरत खुर्चीवर चढले होते. मॅनेजरही हसत होता. आत्याबाई मात्र शेवटचं घर उघडं होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

परतीच्या एस.टी.त त्या बाहेर बघत बसल्या. बावधन मागे पडलं. संपलं आपलं, असं मी धरून चालले.

"त्यांचं पानी उतरलं," त्या एकदम म्हणाल्या.

"हो, आत्याबाई."

"म्याबी भरली व्हती ओटी. अकरा वर्साची व्हते. लगनातला खन दिला पान्याला. न्हाई उतरलं."

मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो धरू दिला. पिरंगुट आलं तशा त्या पदर सारखा करून नेहमीच्या हुकमी आवाजात म्हणाल्या, "जात जा शिनेमाला. पोरीला भ्या दावू नगंस." मग खिडकीकडे तोंड करून, "आन् पानी उतरनारं असंल, तवा मला ने."