शेजारचं गेट

सकाळी कंपनीच्या गेटवर माझ्यापुढच्या मुलीने कार्ड लावलं आणि लाल दिवा लागला. तिने कार्ड ओढणीला पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा लालच. गेल्या आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या दोघांना नोकरी गेल्याचं असंच गेटवर कळलं होतं.

"मॅडम, जरा बाजूला थांबता का?" वॉचमनकाका हळूच म्हणाले.

मागची रांग शेजारच्या गेटकडे सरकली. मीही सरकलो.

पुण्यात एवढ्या कंपन्या का आल्या, असं गावाकडे कुणी विचारलं की मी हवा सांगतो, कॉलेजं सांगतो, मुंबई जवळ आहे म्हणतो. खरं कारण तर माझ्या मागेपुढे उभं होतं. लातूरहून, जळगावहून, अकोल्याहून आलेले आम्ही सगळे शिकलेले, वेळेवर आलेले, कुणाचीही जागा उद्यापासून भरून काढायला तयार. असं शहर कुठल्या कंपनीला आवडणार नाही?

"काका, सिस्टिम बंद असेल ना?" ती विचारत होती, पण बघत होती आमच्याकडे. आम्ही सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून उभे.

माझी पाळी आली. हिरवा दिवा लागला आणि मला इतकं हायसं वाटलं, की मागे वळून तिच्याकडे बघायची हिंमतच झाली नाही.