तांब्याचे आठ तुकडे

वर्ध्यातल्या धर्मेंद्र शेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी नंदिनीकडे पाहायचं, मग तिच्या मागे पाहायचं आणि विचारायचं, "मेकॅनिक कुठी आहे?" नंदिनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली न ठेवता म्हणायची, "बोला, काय झालं?" काहींना ते रुचायचं नाही. पण त्यांचीही मशीन दुरुस्त होऊन जायची.

नंदिनी नालवाडीची. वडील प्रेमदास हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये उभी हयात फिटर होते. चालत्या मशीनच्या बेअरिंगवर तळहात टेकवून ते सांगत, ही आठवडाभर टिकते, ही उद्या बसते. मुलगी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकली, पण कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, आधी हात लावून पाहायचं, हे ती घरीच शिकली होती.

२००४ चा मे महिना होता. शेठ नागपूरहून एक खोकं घेऊन आले. आत बोटाच्या पेरापेक्षा लहान, खाचा पाडलेले तांब्याचे तुकडे होते. हीटसिंक. ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या कार्डावर, मेमरीच्या आठ चिपा असतात. त्या प्रत्येकीवर एक तुकडा डिंकपट्टीनं चिकटवायचा. चिप थंड राहते, आणि कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगाच्या वर कार्ड पळवता येतं, असं खोक्यावर छापलं होतं. कार्ड असं ताणून पळवण्याला पोरं ओव्हरक्लॉकिंग म्हणत, आणि तेव्हा गेम खेळणाऱ्या पोरांना त्याचं भारी वेड होतं.

"आता गेमवाल्या प्रत्येक कार्डावर हे लावाचं," शेठ म्हणाले. "घोड्यावानी पळते म्हणून सांगजो."

"तुमी लावून पाह्यलं का?"

"डब्ब्यावर लिहून आहे ना."

"मले दोन-तीन दुपारी द्या. मी पाह्यते."

शेठ हसले. पण उन्हाच्या दुपारी दुकानात कुत्रंही फिरकत नव्हतं, म्हणून त्यांनी नाही म्हटलं नाही.

नंदिनीनं दुकानातलंच एक कार्ड घेतलं आणि टेबलावर उघड्याच मशीनला जोडलं. आधी काहीच न लावता मेमरीचा वेग थोडा थोडा चढवत नेला. कंपनीचा वेग पाचशे मेगाहर्ट्झ. पाचशे बासष्टला पडद्यावर गुलाबी ठिपके नाचायला लागले, म्हणजे मेमरीचा दम संपला. मग आठही तुकडे चिकटवले. ठिपके आले पाचशे सहासष्टला. बाहेर पारा सेहेचाळीसवर असताना एवढी मरमर करून चार आकडे पुढे. गेम मात्र होता तेवढाच पळत होता, तसूभरही जास्त नाही. तिनं तुकडे काढून नुसता टेबलफॅन कार्डासमोर धरला, तर पाचशे एकाहत्तरपर्यंत गेलं. शेवटी मधल्या मोठ्या चिपवरचा पंखा उघडला, धूळ काढली, चिपची उष्णता ओढून घेणारी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि त्या चिपचा वेग वाढवला. तेव्हा कुठे गेम खरंच हलका झाला.

तिसऱ्या दुपारी तिनं तुकडे पुन्हा लावले आणि कार्ड कॅबिनेटमध्ये बसवलं. कॅबिनेटमध्ये कार्ड पालथं बसतं, तुकडे खाली लोंबतात. तासाभरात उष्णतेनं डिंक सैल होऊन एक तुकडा टक्कन खालच्या कार्डावर पडला. मशीन जळली नाही, हे नशीबच.

शनिवारी अनुप आला. कॉलेजच्या पोरांसाठी त्यानं गेमचं पार्लर काढलं होतं, आणि सगळ्याच मशीनला हीटसिंक लावायचं शेठनं त्याला फोनवर पटवून ठेवलं होतं.

"नंदिनी, सांग भाऊले किती फरक पडते ते," शेठ खुर्चीतूनच म्हणाले.

नंदिनी उभी राहिली. "फरक पडत नाई. चार आकडे सरकते, गेमले कळतबी नाई. वरून डिंक सुटून तुकडा खाली पडते. पंखा साफ करा, पेस्ट बदला, कॅबिनेटमधून हवा खेळू द्या. तेवढं पुरे."

शेठचा चेहरा उतरला, मग तापला. "आयटीआयची पोरगी कंपनीले शिकवून राह्यली."

"कंपनीनं वर्ध्याच्या उन्हात लावून पाह्यलं नाई. मी पाह्यलं." तिनं मशीन चालू केली. "अनुपभाऊ, बसा. दोन्हीबी दाखवते."

अनुप बसला. गुलाबी ठिपके त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आधी तुकडे नसताना, मग असताना. तो उठला आणि उद्या येतो म्हणून गेला.

"सोमवारपासून येऊ नको," शेठ म्हणाले.

"सोमवारची वाट काऊन पाहू?" नंदिनीनं आपला टेस्टर पिशवीत टाकला आणि सायकल काढली.

घरी आई, धुरपताबाई, कपाळाला हात लावून बसल्या. "एक वाक्य नसतं बोललं तं काय बिघडत होतं?"

प्रेमदासांनी एवढंच विचारलं, "हातानं पाह्यलं होतं ना?"

"तीनदा."

"मंग झालं."

समोरच्या खोलीत तिनं टेबल मांडलं आणि दारावर स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर दुरुस्तीची पाटी रंगवली. ती भांडखोर आहे, असं शेठनं बाजारभर पसरवलं. पहिले पाच-सहा महिने पाटीखालून शेजारच्या कोंबड्याच तेवढ्या जात. तिनं पाटी काढली नाही. दिवाळीनंतर अनुपची मशीन आली, मग सेलूच्या एका फोटोवाल्याची, मग जिनिंगच्या ऑफिसची. शेठ हीटसिंक विकतच राहिले, आणि घेणारे घेतही राहिले.

२००८ मध्ये अनुप एक नवं कार्ड घेऊन आला. त्याच्या मेमरीच्या चार चिपा मागच्या बाजूला होत्या, पंख्याची हवा तिथवर पोचतच नव्हती. नंदिनीनं बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. दोन दिवस तिनं ते चालवून पाहिलं. मग स्वतःच तांब्याचे चार तुकडे आणवले आणि डिंकपट्टी फेकून पक्क्या गोंदानं बसवले.

अनुप हसायला लागला. "वाह रे नंदिनीताई. याच्यासाठीच तं नोकरी सोडली होती तुमी."

"हीटसिंक लावाले नाई म्हटलं नव्हतं मी," ती म्हणाली. "न पाहता विकाले नाई म्हटलं होतं. त्या कार्डाले गरज नव्हती, याले आहे."

"ठीक आहे, द्या मंग. पोरं वाट पाहून राह्यली."

"एक तास चालू द्या आधी. तुकडा टिकते का पाहू."

अनुपला एक तास बसायचं नव्हतं. तिनं त्याला बसवलंच.